सायकलवाल्याने एकदाच ऐकलं

गल्लीतल्या सायकलवाल्याच्या पायाला भिंगरी होती. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो हललेलाच आला आहे. चहाला बोलवावं, तर कप हातात घेऊन हा दारातल्या सायकलींची चाकं अंगठ्याने दाबत फिरणार. आणि हट्टी इतका, की बायकोने त्याला समजावणं केव्हाच सोडून दिलं होतं.

त्याच्या दुकानासमोर नायट्रोजन भरायचं यंत्र आलं, तेव्हा गिऱ्हाइकं विचारू लागली. हा म्हणायचा, "अहो, साध्या हवेत पाऊण हिस्सा तोच असतो. उरलेल्या पावासाठी रांग लावायची तर लावा खुशाल!"

लेक शर्यतीत सायकल चालवायची. गेल्या वर्षी तिने सायकल दुसऱ्या दुकानात तयार करून घेतली होती, आणि ते त्याला फार लागलं होतं. यंदा रविवारच्या शर्यतीतून पहिल्या तिघींना जिल्ह्याच्या संघात घेणार होते. या वेळी तिने सायकल बापाकडे आणली, पण जाता जाता म्हणाली, "हल्ली सगळे गॅस भरतात, बाबा. बोटाएवढं नळकांडं लावलं की चाक टणक. तुम्ही मात्र तुमचंच खरं करणार."

झालं! लेक पुन्हा त्या दुकानात गेली तर? शनिवारी दुपारी त्याने गुपचूप दोन नळकांडी आणली आणि दोन्ही चाकांत गॅस भरला. चाकं दगडासारखी झाली.

नळकांड्यातला गॅस म्हणजे नायट्रोजन नव्हे, कार्बन डायऑक्साइड; तो वाटेत पंक्चर झालं तर घरापर्यंत पोचण्यापुरता असतो. रबरातून तो आपोआप झिरपतो, दुसऱ्या दिवशी चाक मऊ पडतं. हे दुकानदाराला विचारलं असतं तर कळलं असतं. पण इतक्या वर्षांच्या कारागिराने विचारायचं कसं?

रविवारी शर्यतीला दहा मिनिटं उरली असताना लेकीने चाक दाबलं आणि तिचा चेहरा उतरला.

"दोन्ही ट्यूब गेल्या!" ती चाक काढायला वाकली. ट्यूब बदलत बसली असती, तर शर्यत हुकलीच असती. बाप गप्प राहिला असता, तर दोष ट्यूबवर गेला असता.

"थांब. ट्यूब शाबूत आहेत. काल मी गॅस भरला."

"तुम्ही?"

"तू म्हणालीस म्हणून."

"मी चिडवत होते, बाबा! तुम्ही ऐकणार नाही याची खात्री होती, म्हणून तर सायकल तुमच्याकडे दिली."

शेजारी उभ्या असलेल्या स्पर्धक मुलीचा पंप मागून त्याने हवा भरायला घेतली. पुढचं चाक भरलं, मागचं अर्धवट असतानाच शिट्टी झाली आणि ती तशीच निघाली. ती परत येईपर्यंत हा रस्त्याच्या कडेने येरझाऱ्या घालत राहिला. कोणी खुर्ची दिली, तर त्याच्यावर खेकसला.

ती चौथी आली.

परतताना टेम्पोत तो सायकलचं मागचं चाक अंगठ्याने दाबत राहिला. माफी मागायची होती, ती राहूनच गेली. घरापाशी उतरल्यावर लेकीने सायकल ढकलत त्याच्या दुकानात नेली आणि भिंतीला टेकवली.

"पुढच्या महिन्यात आणखी एक शर्यत आहे," ती म्हणाली. "पुन्हा माझं ऐकलंत तर याद राखा."