नरकातली ओर्शोया

केर्तेफाल्वा गावच्या चर्चची घंटा देमेतेरने बेचाळीस वर्षं वाजवली. तेवढ्या काळात गावाने चार पंथ पाहिले. नवा पाद्री आला की देमेतेर किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात द्यायचा आणि विचारायचा, "सकाळची घंटा कधी?" नवा म्हणायचा, "पूर्वीसारखीच." झालं, गावाचं धर्मांतर तिथेच उरकायचं.

तुर्कांनी राजधानीचं शहर बुदा घेतलं त्या वर्षी देमेतेरने ओर्शोयाला लग्न करून घरी आणलं. गावात चर्चा दुसऱ्या बातमीचीच जास्त झाली. ओर्शोया तोंडाची फटकळ, हातची सुगरण म्हणावी तर तेही नाही. पण देमेतेरला ती आवडायची. आता ह्याला कोण काय करणार?

त्याच उन्हाळ्यात गावाने चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवर शेवटच्या न्यायाचं, म्हणजे कोण स्वर्गात आणि कोण नरकात जाणार ह्याचं, चित्र काढायला घेतलं. कोलोझ्वार शहरातून चितारी आला. देमेतेर त्याला रोज हातभर ओला गिलावा करून द्यायचा आणि तो ओला असेतो चितारी रंग भरून मोकळा व्हायचा; ओल्यात भरलेला रंगच भिंतीत मुरतो. चेहरे त्याला मनाने सुचत नसत, म्हणून तो गावातलेच उचलायचा. गिरणीवाला बेनेडेक मापात मारतो हे जगजाहीर होतं, त्याची रवानगी नरकात झाली. बेनेडेकने येऊन पाहिलं आणि म्हणाला, "टोपी बाकी झकास जमलीय."

चिताऱ्याचं जेवण ओर्शोयाकडे होतं. शेवटच्या दिवशी वरीची पेज करपली.

"बाई, हे जेवण आहे की गिलावा?"

"गिलावा असता तर भिंतीला तरी लागला असता. दोन महिने झाले, हातापेक्षा तोंडच जास्त चालतंय मेल्याचं!"

चित्र पुरं झालं होतं, भिंत वाळून खडखडीत झाली होती, फक्त शिडी काढायची राहिली होती. ती चिताऱ्याने त्या रात्री काढली नाही. दुसऱ्या दिवशी गाव प्रार्थनेला आलं तेव्हा बेनेडेकच्या शेजारी, उकळत्या कढईत, ओर्शोया उभी होती. हातात पळी. चितारी न्याहारीला न थांबता निघून गेला होता.

गाव पोट धरधरून हसलं. ओर्शोया पुढची तेरा वर्षं त्या भिंतीकडे पाठ करून बसली आणि दर रविवारी घरी येताना एकच वाक्य बोलली, "पुसून टाक ते." देमेतेरने पाद्रीबुवांना विचारलं. बुवा म्हणाले, "देवाच्या न्यायात आपण ढवळाढवळ करू नये." देमेतेरने ते घरी जसंच्या तसं सांगितलं आणि त्या दिवशी उपाशी झोपला.

मग प्लेग आला. बेनेडेक सोमवारी गेला, ओर्शोया गुरुवारी. तिच्यासाठी घंटा देमेतेरनेच वाजवली, दुसरं होतं कोण? तिचे कपडे, अंथरूण, कंगवासुद्धा गावच्या हुकुमाने जाळला. मूलबाळ नव्हतं. महिन्याभराने चर्च झाडताना त्याची मान वर गेली, तर समोर ओर्शोया. डावी भुवई चढलेली, ओठ आता काहीतरी लागट बोलणार असे. चितारी हलकट, पण हात सोन्याचा. देमेतेर झाडू टाकून मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला. जगात तिचं म्हणून आता एवढंच उरलं होतं.

पुढे लुथरचा पाद्री आला. त्याने मेणबत्त्या कमी केल्या, भिंतीला हात लावला नाही. त्याच्यामागून, चित्रं म्हणजे मूर्तिपूजा मानणाऱ्या कॅल्विनचा आला. त्याने चारी भिंतींवर नजर फिरवली आणि म्हणाला, "सगळं पांढरं कर. रविवारच्या आत."

चुना एकदा भिंतीला धरला की धरला. ओर्शोया दुसऱ्यांदा जाणार, आणि ह्या वेळी देमेतेरच्याच हाताने. त्याने दोन दिवस विचार केला. मग सगळ्या भिंतीला मुरवलेला चुना लावला आणि तिच्या चेहऱ्यापुरती वीतभर जागा खडूची भुकटी नुसत्या पाण्यात कालवून झाकली. लांबून फरक कळत नव्हता.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी, झाडलोट झाली की, तो दार लोटून घ्यायचा. ओलं फडकं घ्यायचा, खडू पुसायचा आणि बायकोशी बोलायचा. "बेनेडेकच्या पिरोष्काची गाय व्याली. खरवस दिला नाही. तू असतीस तर दिला असता, तुझ्या तोंडाला भिऊन." मग पुन्हा खडू लावून घरी.

चार वर्षांनी 'देव एकच, त्याचे तीन भाग नाहीत' म्हणणारा पाद्री आला. त्याने आणखी एक हात चुना मारायला लावला, कारण वरच्या कोपऱ्यात देवाच्याच तीन रूपांची डोकी पुसट दिसत होती. तो डोळ्यांचा तिखट होता.

"देमेतेर, भिंतीलगतच्या ह्याच बाकावरच्यांचे खांदे पांढरे का होतात?"

"ओल आहे, बुवा."

"एवढ्याच जागी?"

"ती जागा पहिल्यापासून हट्टी आहे, बुवा."

वर्षं गेली. ओर्शोयाचे ओठ फिके झाले, मग भुवई. देमेतेरला वाटलं, आपली नजर गेली. कधी वाटायचं, आपण म्हातारे झालो, ती तरी कशी तरुण राहील? फडकं मात्र त्याने एकही शनिवार चुकवलं नाही.

शेवटी राजाने पुन्हा पोपच्या पंथाचे जेझुइट पाद्री आणले आणि त्यांच्यातला एक तरुण फादर केर्तेफाल्व्यात आला. "चित्र मोकळं करा," म्हणाला. छिन्नी लावली तशी चुन्याची सालं पडू लागली आणि आतून सगळा नरक लालभडक, ताजा बाहेर आला. बेनेडेकच्या टोपीचं पीससुद्धा शाबूत. त्याच्या शेजारी कढई होती, पळी होती, आणि वर कोरा गिलावा.

"इथे कोण होतं?" फादरने विचारलं.

"माझी बायको."

"चुन्याने खाल्लं वाटतं."

"तिला चुना लावलाच नाही मी." देमेतेरने कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "चुन्याखालचे सगळे राहिले. तिलाच मी पुसत होतो, फादर. एकोणीस वर्षं. मला भेटायचं होतं हो तिला."



रविवारी गाव आपापली मेलेली माणसं बघायला लोटलं. बायका नातवंडांना उचलून आजे-पणजे दाखवत होत्या. बेनेडेकची बायको, म्हातारी पिरोष्का, काठी टेकत आली आणि भिंतीसमोर उभी राहिली.

"देमेतेरदादा, ह्यातला आमचा कुठला रे?"

"हा काय. टोपीवाला."

"नक्की?"

"नक्की, वहिनी."

तिने मान वाकडी करून पाहिलं. "असा होता होय," म्हणाली. मग कोऱ्या जागेवर काठी ठेवली. "आणि ही कशी रे होती?"

देमेतेरने सांगितलं. डावी भुवई उजवीपेक्षा केवढी वर जायची, रागावली की आधी नाक लाल व्हायचं, हनुवटीवर चुलीच्या चटक्याचा डाग होता, तो ती ओढणीने झाकायची. तो थांबेचना. पिरोष्काने ऐकून घेतलं आणि त्याची बाही धरली.

"आता आमच्याचं सांग. तुला आठवत असलं तर."

देमेतेरने तिला बाकावर बसवलं आणि बेनेडेक हसायचा कसा, तिथपासून सुरुवात केली.