देवराईतली खोडं आणि पोपची शपथ

मार्गासनीला एसटीतून उतरले तेव्हा माझ्या पिशवीत बाराशे वर्षांपूर्वीच्या एका पोपवरची टिपणं होती. पुण्यात इतिहासाच्या वर्गात मला त्याच्यावर बोलायचं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे यात्रेला जातानाही अभ्यास घरी ठेवायची हिंमत होत नाही. मैत्रीण रोहिणी हसली. "अगं, भैरोबाच्या यात्रेत पोप कशाला?"

पुढे वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप). आमच्या उदगीरकडे डोंगर म्हणजे लांबची रेघ. इथे तो वळणावर एकदम अंगावर येतो. कडेला करवंदाच्या जाळ्या, मध्येच काळ्या कातळाची भिंत. गावात पोचताच रोहिणीच्या हौसाआत्यांनी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. ज्वारीची सवय असल्यामुळे पहिला घास घशात अडकला. नंतर मात्र मी मागून घेतलं.

दुपारी आत्यांनी देवराई दाखवली. देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. मी गार सावलीची वाट पाहत होते. अर्धं रान उघडं पडलेलं होतं. नुसती खोडं, आणि खाली झऱ्याच्या जागी एक ओला डाग.

"कुणी तोडली झाडं?"

"देवस्थानच्या अध्यक्षांनी, आबांनी. ट्रॅक्टर भरताना म्या या डोळ्यांनी बगितलं. ह्याच झऱ्यावर माजं भाताचं खाचर हाय, पोरी."

आत्यांनी हे चारचौघांत सांगितलं, तेव्हा त्यांच्या चिडलेल्या भावकीनं गेल्या यात्रेत भर पालखीत आबांना बडवलं. आबा पळाले ते थेट भोरला, एका पुढाऱ्याकडे. आज ते पुढाऱ्याच्या गाडीतून परतणार होते आणि बेलभंडारा उचलणार होते, म्हणजे देवाचा बेल आणि हळद हातात घेऊन, आपण झाडं तोडली नाहीत अशी शपथ. मग आत्यांनी त्यांच्या पंगतीला जेवायचं, की तक्रार मिटली. जेवल्या नाहीत, तर पालखी त्यांच्या दारात थांबणार नाही. सासऱ्यांच्या आधीपासूनचा मान तो.

"पण खरं-खोटं कोण ठरवणार?"

"अध्यक्षांचा न्याय कोन करनार? पंचबी त्येच की."

मी चरकले. माझ्या पोपलाही रोममध्ये मिरवणुकीतच धरून मारलं होतं. डोळे काढायचा, जीभ छाटायचा प्रयत्न झाला होता. तोही डोंगर ओलांडून एका राजाकडे पळाला आणि त्याच्या माणसांसोबत परतला. आरोप गंभीर होते, पण धर्मगुरू म्हणाले, पोपचा न्याय करणारे आम्ही कोण? मग त्यानं स्वतःच शपथ घेतली आणि स्वतःच सुटला.

देवळासमोर पांढरी गाडी थांबली. कडक इस्त्रीतले आबा उतरले. मार खाऊन पळालेला माणूस इतका ताजातवाना दिसू शकतो, हे मला नवीनच होतं. रोहिणीनं ओळख करून दिली.

"काय शिकता, ताई?"

मी चाचरत पोपची गोष्ट सांगितली. शपथेनंतर दोनच दिवसांनी त्यानं त्या राजाला सम्राटाचा मुकुट घातला, हेही सांगितलं.

"लई शाना मानूस!" आबा खूश झाले.

शपथ चहा प्यावा तितक्या सहज झाली. देवाच्या रानाचा चोर देवाच्याच दारात उभा, आणि साक्षीला भोरचा पुढारी. लगेच आबांनी पुढाऱ्याला फेटा बांधला आणि माईकवर म्हणाले, "चांगल्या मानसाला तरास हुतोच. रोमच्या पोपला बी सोडला न्हाई लोकांनी!" टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत गेल्या वर्षी मारणारेही होते.

पंगतीत आत्या माझ्या शेजारी बसल्या.

"पोरी, त्या पोपावर तक्रार केलेल्यांचं काय झालं गं?"

"आधी मरणाची शिक्षा. मग पोपनंच दया दाखवली, म्हणून नुसते हद्दपार."

"दया व्हय?" वाढपी पुरणपोळी ठेवणार तोच आत्यांनी पत्रावळ उचलली आणि उठल्या.

आबा ओरडले, "हौसाबाई, देवाचं अन्न हाय!"

"रान बी देवाचंच व्हतं, आबा."

संध्याकाळी पालखी आली. आत्या आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. चांगभलंचा गजर झाला आणि पालखी त्यांच्या दारावरून तशीच पुढे गेली. कुणी मान वर करून पाहिलं नाही. पालखीच्या भोयांच्या पायांवर पाणी घालायला भरून ठेवलेला हंडा आत्यांनी उचलला आणि गोठ्यात म्हशीपुढे ओतला.

"लांबनं आनलंय," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या पायांवर कशाला घालवू?"

सकाळच्या गाडीनं आम्ही पुण्याला परतलो. वर्गात मी पोपवर बोलले. तो सुटला, मुकुटही त्याच्याच हातून घातला गेला, हे पुस्तकांत सापडतं. त्याच्या पंगतीतून कुणी उठून गेलं का, ते मी पुष्कळ शोधलं. मला सापडलं नाही. पण कुणीतरी उठलं असणार, एवढं मी सरांसमोर सांगितलं.