ओढ्याकाठचे साग

मंद्रूपच्या शिवारात धोंडप्पांचं रान ओढ्याला लागून आहे. ओढा दर पावसाळ्यात काठ खातो, म्हणून वडिलांनी तिथे बाभळी राखल्या होत्या. सव्वीस वर्षांपूर्वी धोंडप्पांनी त्या उपटून साग लावले. काठ धरतील आणि म्हातारपणी इमारती लाकूडही होईल, ही आशा. सहा वर्षांपूर्वी बायको शिवम्मा वारली, तेव्हा लिंगायत रीतीने तिला त्याच सागांच्या सावलीत बसवून समाधी दिली. शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी ठेवली.

गेल्या भाद्रपदात पूर आला आणि काठासकट नऊ साग आडवे झाले. धोंडप्पांची जागाही त्यातच गेली. समाधीपासून काठ जेमतेम चार हातांवर आला.

मोडनिंबचे लाकूड व्यापारी सिद्धनाथ पडलेली झाडं बघायला आले. मुळं बघून त्यांनी विचारलं, "अण्णा, पाणी किती घातलं ह्यांना?"

"ठिबक केलं की. द्राक्षावानी जपलं रोज."

"तितंच चुकलं. बसल्या जागी ताट मिळाल्यावर मुळं खाली कशाला जातील? लाकूड बी पांढरंच ऱ्हायलं, आत पक्का गाभा धरला न्हाय. चौकटीला न्हाय चालायचं, स्लॅबच्या टेकूला न्यावं लागंल."

"आन् उभी हायेत ती?"

"आदी पाडा. वाऱ्यानं झाड हलतंय, झाडासंगट काठ."

लेक दानेश्वरी सोलापूरहून आली होती. ती म्हणाली, "अप्पा, अव्वाला वरच्या बांधाला न्हेऊ या."

"बसलेल्या माणसाला उठवायचं? जितेपणी घडीभर खाली टेकू दिलं न्हाय मी तिला."

त्यांनी साग पाडायला लावले. दोन दिवस करवत चालली. धोंडप्पा समाधीकडे पाठ करून दोर धरून उभे होते. शेवटचं झाड गेलं तरी पुराने काठावर पाडलेली भेग वाढतच राहिली. मार्चमध्ये तिच्यात हात जात होता, मे लागला तेव्हा ती समाधीच्या दगडाला भिडली. त्या दिवशी त्यांनीच लेकीला फोन केला, "मठातल्या स्वामींना घिऊन ये. तिला वर न्हेऊ."

एकोणीस मेला, मंगळवारी, वरच्या बांधाला खणायला घेतलं. दोन हातांवर मुरूम लागला. पहार उसळत होती. दुपार कलली तरी खड्डा एकाच माणसापुरता झाला होता.

"अप्पा, तुमच्यासाठी पलीकडं बघू का?" दानेश्वरीने हळूच विचारलं.

"माझं ऱ्हाऊ दे. ऊन उतरायच्या आत तिला आणा," धोंडप्पा म्हणाले, आणि ओढ्याकडे चालू लागले.