दाभणावरून निसटलेल्या बाया

कौसल्याबाईंची लेक सत्यशीला पीएच.डी. करते हे भोकरदनात सगळ्यांना ठाऊक होतं. ती नेमकं काय करते हे मात्र खुद्द कौसल्याबाईंनाही सांगता येत नसे. कुणी विचारलंच तर त्या ठसक्यात सांगत, "समाजाची डॉक्टर होऊन राह्यली. सुई टोचायची न्हाई." आणि १९७८च्या दिवाळीच्या सुट्टीत बघतात तो काय, लेक ओसरीवर कार्डांचे गठ्ठे मांडून त्यांत पोती शिवायचं दाभण खुपसत बसलेली.

"हे काय करून राह्यलीस, शीले?"

सत्यशीलेनं समजावून सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात सडकेच्या कामावर खडी फोडलेल्या आणि तेव्हा घरात शिकती मुलगी असलेल्या बायांना ती जाफराबादपासून वडीगोद्रीपर्यंत हिंडून भेटली होती. एकेका बाईचं एकेक कार्ड. कार्डाच्या कडेनं भोकं, आणि प्रत्येक भोक म्हणजे एक प्रश्न. उत्तर 'हो' असेल तर तेवढं भोक कात्रीनं कडेपर्यंत कापायचं. मग गठ्ठ्याच्या त्या भोकातून दाभण घालून उचलायचं आणि हलवायचं. 'हो' म्हणालेल्या बाया खाली पडतात, बाकीच्या दाभणावर लटकून राहतात.

कौसल्याबाई बघतच राहिल्या. एवढ्या बायांचं जिणं, आणि एका हिसक्यात कसं निवडून निघत होतं!

त्या साली त्यांनीही खडी फोडली होती. नवरा तातेराव आधीच वारलेला, लेक औरंगाबादला कॉलेजात. पोरीला परत आणून खडीवर बसव, म्हणून भावकीनं जीव खाल्ला होता. त्यांनी आणली नाही. तेव्हापासून नणंद गोजरबाई घरच्यांसमोर त्यांना येडी म्हणत आली. लेक पंचविशीला टेकली तरी लग्नाचं नाव नाही. अलीकडे त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं होतं, की आपलं खरंच चुकलं की काय.

"मंग," त्यांनी चाचरत विचारलं, "माझ्यावानी पोरीचं शिक्षण सुटू न दिलेल्या किती, ते कळंल का यात?"

"आता तेच भोक घेतेय. पण आमच्या गाइड मॅडम म्हणतात, मूठभर निघतील. मलाबी तसंच वाटतंय, माय."

कौसल्याबाई दोन पावलं मागं सरकल्या.

सत्यशीलेनं दाभण घातलं, गठ्ठा उचलून हलवला. कार्डं सटासट खाली आली. दाभणावर थोडीच उरली. भोक चुकलं असणार म्हणून तिनं पडलेलं एकेक कार्ड मुलाखतींच्या वहीतल्या उत्तराशी ताडून पाहिलं. सगळं बरोबर होतं. दुसरा गठ्ठा उचलला, तरी तेच. तिसऱ्याला तिनं ताडून पाहणंच सोडलं. सतरंजीवर ढीग साचत गेला.

कौसल्याबाई हळूच खाली बसल्या. वाचता येत नव्हतं, तरी कार्डांवरून हात फिरवत म्हणाल्या, "ह्यातल्या आमच्या सडकेवरच्या कोण?"

"नावं लिहिलेली न्हाईत, नुसते नंबर हायेत. पण बऱ्याच असतील. तिथल्या पुष्कळ जणींना भेटलेय मी."

"मांडीला मांडी लावून खडी फोडायचो," कौसल्याबाई म्हणाल्या. "एकीनंबी सांगितलं न्हाई कधी."

ढिगातलं एक कार्ड उचलून त्यांनी मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "मी तरी कुठं सांगितलं."