वरचा सा

सोफ्यावर डोळा लागतोय न लागतोय तोच हेमांगीच्या कानाशी कुणीतरी खाकरतं. दुपारची जेवणं झालीत, आणि तिची स्वरलिपी संध्याकाळपर्यंत छापायला गेलीच पाहिजे. एका संस्थानच्या बँडमास्तरांनी, रामजी मास्तरांनी, एकोणिसाव्या शतकात वाद्यवृंदासाठी लिहिलेली ही रचना. आजच्या वादकांना ती वाजवता यावी म्हणून हेमांगी दोन वर्षं जुन्या कागदांत डोकं घालून बसली आहे. त्यातली क्लॅरिनेटची धून दर वेळी चढत जाते आणि वरच्या 'सा'च्या उंबऱ्यावरून मागे फिरते. त्या अतृप्तीवर तिने प्रस्तावनेत पानंच्या पानं खरडली आहेत. तरी जिवाला चैन म्हणून नाही.

"अतृप्ती कसली डोंबलाची!" लाल डगल्यातले रामजी मास्तर म्हणतात. सोफा आता दरबाराची पायरी झाला आहे.

"मास्तर, मग सा का नाही?"

"गणूला दमा होता, बाई. धाकटा भाऊ माझा, क्लॅरिनेट तोच वाजवायचा. वर गेला की खोकल्याची उबळ. भर दरबारात फजिती, वर नोकरी जायची. म्हणून धूनच खाली वळवली."

"व्हायोलिनला द्यायचा."

"भावाच्या तोंडचा घास काढून?"

दरबारात पाणी चढतं. नदीच आहे ती. वादक गुडघाभर पाण्यात उभे आहेत.

"आता घाल तो सा," मास्तर म्हणतात.

"लिहिलेलं नाही ते घालायचं नाही, हा आमचा नियम. 'कुणी सांगितलं?' असं विचारलं तर काय सांगू? मेलेल्या माणसाने?"

"मी कुठं मागतोय? गणू मागतोय. तिकडे दम लागत नाही म्हणे. रोज माझं डोकं खातो."

पाण्यातून एक काटकुळा माणूस पुढे येतो, हसतो, क्लॅरिनेट तिच्या हातात देतो. तिने जन्मात क्लॅरिनेट धरलेलं नाही. तरी ती खालचा ओठ दातांवर दुमडून घेते आणि फुंकते. धून चढते, उंबऱ्याशी थबकते, हेमांगीचा जीव घाबरा होतो, आणि सा लागतो. गणू मटकन पाण्यात बसतो आणि लहान पोरासारखा रडतो.

फोन वाजतोय. छापखान्यातून.

"अहो मॅडम, पाठवताय ना?"

"थांबा जरा," म्हणताना हेमांगी कळवळते. खालच्या ओठाला आतून दातांचे वळ उमटलेत. ती उठते, धुनीच्या शेवटी सा घालते, प्रस्तावनेतली अतृप्तीची पानं पुसून टाकते. तळटीपेत 'आधार' या शब्दापाशी थोडी अडखळते आणि पुढे स्वतःचं नाव लिहिते. ओठ अजून हुळहुळतोय.