या एडिटरचा सेटर कोण?

चाकणच्या आमच्या कंपनीत शिस्त होती. मशीनच्या सेटिंगला ऑपरेटरनं हात लावायचा नाही, त्यासाठी सेटर असतो. स्क्रू ढिला दिसला तरी त्याला हाक मारायची आणि तो येईपर्यंत गप उभं राहायचं. नाहीतर मेमो. मी वर्षानुवर्षं उभी राहिले.

मग टाचा गेल्या. डॉक्टरांनी उभं राहायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हा साहेबांनी मला ऑफिसात बसवलं. तेही 'बघू, जमतंय का' म्हणून. नाही जमलं तर परत लाइन. कुठला पार्ट आणायचा त्याचे नंबर लाइनवरच्या टीव्हीवर दिसायचे, ते पान मी कॉम्प्युटरवर एडिटर नावाच्या प्रोग्रॅममध्ये बदलायचे.

नंबरातले शेवटचे दोन आकडे मोठे दिसावेत म्हणून त्यांच्याभोवती एक टॅग होता, म्हणजे कंसातली खूण, आमच्याच कुणीतरी पूर्वी बनवलेला. पण सेव्ह केलं रे केलं, की एडिटर आपल्या मनानं सगळं नीटनेटकं करायचा आणि नेमका तो टॅग फाइलमध्ये खालच्या ओळीत टाकायचा. तेवढ्यानं टीव्हीवर नंबराच्या मध्येच फट पडायची. कमालच! बाकीच्या टॅगना धक्का नाही, ह्याच्याशीच काय वैर? डोक्यात तेच घोळत राहायचं. पण सेटिंग म्हटलं की हात आखडायचा. रोज साध्या नोटपॅडमध्ये फाइल उघडून मी तो टॅग परत वर ओढायचे.

एका सकाळी विसरले. फोर्कलिफ्टवाले दादा एकाऐवजी दोन पेट्या घेऊन आले. "ताई, पडद्यावर दोन नंबर हायेत, मी दोन्ही आणलं." लाइन थांबली.

साहेब म्हणाले, "परत असं झालं तर तुमची जागा खाली लाइनवर."

दुपारी वाकडहून सॉफ्टवेअरवाली मुलगी आली होती. तिला गाठलं. "या एडिटरचा सेटर कोण हो? कधी येतो?"

ती खो खो हसली. "अहो ताई, तुम्हीच की!"

"मी? आणि मेमो मिळाला म्हणजे?"

तिनं सेटिंगचं पान उघडून दिलं आणि चहाला निघून गेली. बाई गं! कुठला टॅग नव्या ओळीत न्यायचा, कुठला होता तिथंच राहू द्यायचा, एकेका टॅगचं वेगळं सांगता येत होतं. आमचा टॅग एडिटरच्या ओळखीचाच नव्हता, म्हणून बिचारा खाली ढकलला जात होता. मी त्याचं नाव 'तिथंच राहू द्या'च्या यादीत टाकलं. सेव्ह केलं. टॅग हलला नाही. परत केलं. नाहीच हलला! एवढा आनंद झाला, की उगाचच आणखी एकदा सेव्ह केलं.

टीव्ही बघून साहेब वर आले. "नंबर नीट दिसतोय. कुणी केलं?"

"मी," म्हणाले. "सेटिंग बदललं."

"बरं. बसा इथंच आता. पण यापुढं विचारल्याशिवाय कशाला हात लावू नका."

"हो साहेब," म्हणाले. ते दाराबाहेर गेले आणि मी पुढचं सेटिंग उघडलं.