दादांचा अडकलेला आवाज

हाताला कंप सुटला तसं रेडिओकाकांनी चाळीस वर्षांचं दुरुस्तीचं दुकान बंद केलं. कामाचं टेबल तेवढं घरी आणलं आणि त्याला कुणाला बोट लावू दिलं नाही. सून दातांच्या कवळ्या बनवायची, दिवसभर भिंगाखाली बारीक काम. दहा वर्षं ती मदतीला येऊ का विचारत होती, तरी काका म्हणायचे, "दात वेगळे, सर्किट वेगळं."

मग त्यांच्या थोरल्या भावाचं गळ्याचं ऑपरेशन झालं. दादांचा आवाज कायमचा गेला. बटणांवर लिहिलेलं बोलून दाखवणारी पेटी मिळाली, तेव्हा कुठे ते पुन्हा खुलले. पण वर्षभरात पेटी बोलता बोलता अडकायला लागली. बॅटरी काढून परत बसवल्याशिवाय हूं की चूं करायची नाही. एकदा डॉक्टरांना कुठे दुखतंय ते सांगताना ती अर्ध्यावर बंद पडली. दादांनी ती कपाटात टाकली आणि नुसती मान हलवून भागवायला लागले.

काकांना ते बघवेना. मीटर लावून त्यांनी दोष हुडकला. पेटी मोठ्याने बोलली की बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर पडायचं. ते पडलं की पेटीच्या मेंदूला थांबवायचं, सावरलं की नव्याने सुरू करायचं, यासाठी आत एक चिप होती, तिळाएवढी, तीन पायांची. तीच मेली होती, म्हणून पेटी अडकली की अडकूनच राहायची.

नवी चिप आणली, पण सोल्डर करताना हात ऐकेना. तीनदा हुकल्यावर काकांनी हाक मारली, "सूनबाई, जरा येतेस?"

ती आली, भिंग लावून बसली.

"आधी एक पाय चिकटव. सरळ आहे का बघ, मग बाकीचे दोन."

"बाबा, तुमचं कोपर तेवढं टेबलावरून काढा. सगळं हलतंय."

काकांनी निमूटपणे हात मांडीवर घेतले. पाच मिनिटांत तिन्ही पाय बसले, असे सुबक की काका बघतच राहिले.

शेजारी बसून सगळं बघणाऱ्या दादांनी पेटी पूर्ण आवाजावर लावली. ती मध्येच थांबली, क्षणभराने आपली आपणच सुरू झाली. दादांनी सावकाश लिहिलं आणि पेटी बोलली, "सूनबाई, तुझे उपकार. याला कोपर काढायला सांगणारं घरात कुणीतरी हवंच होतं."

काका हसले, पण डोळे भरून आले होते. "दहा वर्षं उगाच अडवलं तुला," ते सुनेला म्हणाले. "माझे हात गेले असं धरून बसलो होतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलापाशी दुसरी खुर्ची आणून ठेवली, चांगली पाठ असलेली.